पट्टा १८चा, घड्याळ २०चं: मापाचा घोळ कसा सोडवायचा



व्हिडिओत मी पट्टा बदलून दाखवला तेव्हा तीन मिनिटांत काम झालं. घड्याळ २०चं होतं, पट्टा २०चा होता, पिनही २०ची होती. दुकानात रोज असं होत नाही. गिऱ्हाईक येतं, म्हणतं, "भाऊ, याला बेल्ट टाकून द्या," आणि नेमका त्या मापाचा पट्टा आपल्याकडे नसतो. किंवा असतो, पण त्याला आवडत नाही. त्याला समोर लटकलेला दुसराच आवडतो, आणि तो असतो दोन मिलिमीटर मोठा. आता काय करायचं? गिऱ्हाईक परत पाठवायचं, की जमवायचं? आणि जमवायचं तर कुठपर्यंत?

आजचा धडा यावरच आहे. पण आधी माझी चूक सांगतो, कारण हा धडा मी त्या चुकीतून शिकलो. बीबीएच्या पुस्तकात तो नव्हता.

दुकान सुरू करून वर्षही झालं नव्हतं. वेकोलिच्या खाणीतून रिटायर झालेले एक काकाजी आले. इथेच कन्हानला राहतात. हातात रुमालात गुंडाळलेलं एचएमटीचं चावीचं घड्याळ. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. तुमच्याही घरी असं एखादं घड्याळ असेल, नसेल तर आजोबांच्या फोटोत तरी नक्की असेल. एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटीझन कंपनीच्या मदतीनं बंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली. त्यानंतर बरीच वर्षं आपल्याकडे जावयाला घड्याळ द्यायचं म्हणजे एचएमटीच द्यायचं, असंच चालायचं.

पट्टा तुटला होता. मी घड्याळ हातात घेतलं, नाव वाचलं आणि मनात म्हटलं, जुनी एचएमटी आहे, म्हणजे १८. जुन्या एचएमटी बहुतेक १८च्याच असतात, हे बरोबर आहे. १८चा चामडी पट्टा काढला, पट्ट्यासोबत आलेल्याच पिना टाकल्या, दोन्हीकडे टक असा आवाज आला, दीडशे रुपये घेतले. पट्टा दोन्ही बाजूंनी जरासा मोकळा दिसत होता. मला तो दिसला होता, हे खरं सांगतो. पण काकाजी काही बोलले नाहीत, म्हणून मीही बोललो नाही.

आठ-दहा दिवसांनी ते परत आले. कामठीहून सायकलवर येत होते, कन्हान नदीच्या पुलावर हात झटकला आणि घड्याळ सुटून रस्त्यावर पडलं. नदीत गेलं नाही एवढंच नशीब. काच फुटली होती आणि घड्याळ बंद होतं. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "बेटा, पट्ट्याचे पैसे वापस नको देऊ. घड्याळ चालू करून दे."

मग मी पहिल्यांदा माप घेतलं. अंतर निघालं १९. त्या घड्याळाची केस कधीतरी बदललेली होती. जुन्या एचएमटीचं हे नेहमीचं आहे. मशीन मूळचं असतं, पण केस खराब झाली म्हणून एखाद्या कारागिरानं दुसरी घातलेली असते. मी डायलवरचं नाव वाचून मापाचा अंदाज बांधला, आणि माप तर केसचं असतं. १८ची पिन १९च्या जागेत टकटक करत बसली, पण तिची टोकं भोकात जेमतेम टेकली होती.

घड्याळ नागपूरला कारागिराकडे दिलं. पडल्यामुळे आतल्या बॅलन्स चाकाचा बारीक दांडा मोडला होता. केंद्र सरकारनं २०१६ च्या जानेवारीत एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, तेव्हापासून असा भाग बहुतेक वेळा दुसऱ्या बंद पडलेल्या घड्याळातूनच काढावा लागतो. दोन आठवडे लागले, मला नऊशे रुपये पडले. पट्ट्यावर माझी कमाई किती होती, ते तुम्हीच काढा.

तेव्हापासून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट पाठ करायला लावतो: पिन घड्याळाच्या मापाची असते, पट्ट्याच्या मापाची नाही. पट्टा एखादा मिलिमीटर इकडेतिकडे चालवून घेता येतो, पिन नाही. खाली जे काही सांगणार आहे ते यातूनच निघतं.

माप कुठे घ्यायचं

घड्याळाच्या केसला वर दोन आणि खाली दोन असे चार पाय बाहेर आलेले असतात. कारागीर त्यांना लग म्हणतात, मी शिकवताना पायच म्हणतो. दोन पायांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर म्हणजे पट्ट्याचं माप. डायल किती मोठी आहे याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. ४० मिलिमीटरची केस १८ची असू शकते, २०ची असू शकते, २२चीही असू शकते. "मोठं घड्याळ आहे, २२च असेल" असं म्हणणारा मुलगा मी अजून दर बॅचमध्ये पाहतो.

जुना पट्टा मोजून माप ठरवू नका. चामडं घामानं फुगतं, दाबून बसतं, कडा झिजतात. नागपूरचा मे महिना आठवा, ४५ अंशात दिवसभर घातलेला पट्टा कसा होतो ते डोळ्यासमोर येईल. शिवाय आधीच्या दुकानदारानं चुकीच्या मापाचा टाकलेला असू शकतो. म्हणून जुना पट्टा काढायचा आणि रिकामी जागा मोजायची.

मोजायला व्हर्निअर कॅलिपर घ्या. प्लास्टिकचाही चालतो. त्याचे खालचे मोठे जबडे बाहेरून मोजायला असतात, वरचे छोटे जबडे आतून. आपल्याला छोटे लागतात. पिनेची भोकं जिथे आहेत त्या जागेजवळ मोजा, कारण काही केसचे पाय टोकाकडे थोडे फाकलेले असतात. १२च्या बाजूला मोजा आणि ६च्या बाजूलाही मोजा. घड्याळ कधी पडलं असेल तर एक पाय किंचित वाकलेला असतो आणि दोन्हीकडची मापं वेगळी येतात. असं आलं तर गिऱ्हाइकाला तेव्हाच दाखवा, नंतर सांगितलं तर तो म्हणणार की तुम्हीच वाकवला.

कॅलिपर नसेल तर माझा जुगाड सांगतो. बाद झालेलं प्लास्टिकचं कार्ड घ्या, बँकेचं किंवा कोणतंही. त्यातून १६, १७, १८, १९, २०, २१, २२ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा, त्यावर मार्करनं आकडा लिहा आणि एका कडीत ओवा. पायांच्या मध्ये १८ची पट्टी सैल जाते आणि १९ची अंगासरशी जाते, म्हणजे घड्याळ १९चं. मिलिमीटरमधलं वाचन चुकत नाही, पोरगा नवीन असला तरी चुकत नाही. पट्ट्या कापताना मात्र फूटपट्टी शून्यापासून धरू नका, टोक झिजलेलं असतं. १०च्या रेघेपासून धरा.

पुरुषांच्या घड्याळात १८, २० आणि २२ ही मापं सगळ्यात जास्त येतात, मोठ्या घड्याळांत २४. बायकांच्या घड्याळांत ८ पासून १६ पर्यंत काहीही. १७, १९ आणि २१ कमी येतात, आणि घोळ इथेच होतो, कारण पट्टे विकायला येतात ते जास्त करून सम आकड्यांचे.

पट्ट्यावर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ २०-१८. पहिला घड्याळाकडचा, दुसरा बक्कलकडचा. गिऱ्हाईक जुनी स्टीलची बक्कल नव्या पट्ट्याला लावा म्हणालं तर दुसरा आकडा बघायचा. लांबीही बघा. साधा पट्टा बक्कलच्या बाजूला ७५ मिलिमीटरच्या आसपास आणि भोकांच्या बाजूला ११५च्या आसपास असतो. जाड मनगटाच्या माणसाला तो शेवटच्या भोकात बसतो आणि महिन्याभरात तिथेच फाटतो. पट्टा लावायच्या आधी मनगटाला धरून बघायला काही पैसे लागत नाहीत.

आता पिन

पिन म्हणजे एक पोकळ नळी, आत स्प्रिंग, आणि दोन्ही टोकांना बारीक दांडे. दांडा दाबला की आत जातो, सोडला की बाहेर येऊन पायाच्या भोकात शिरतो. एवढीशी वस्तू, चार-पाच रुपयांची. पण पाचशेचं घड्याळ असो की पन्नास हजारांचं, ते मनगटावर थांबतं ते या दोन पिनांच्या जोरावर.

पिनेच्या तीन गोष्टी बघायच्या. पहिली लांबी, ती पायांमधल्या अंतराइतकी. २०ची जागा असेल तर २०ची पिन. दुसरी जाडी. साध्या पिना १.५ मिलिमीटर जाडीच्या येतात, जड घड्याळाला आणि चेनला १.८च्या घाला. सेकोच्या डायव्हर घड्याळांत २.५ मिलिमीटरच्या जाड पिना असतात, त्या साध्या चामडी पट्ट्याच्या घडीत शिरतच नाहीत. तिसरी गोष्ट टोकाची जाडी, आणि ही फार थोडे लोक बघतात. भोक मोठं आणि टोक बारीक असेल तर पिन भोकात हलते, हलून हलून भोक लांबट होतं, आणि मग कोणतीच पिन नीट बसत नाही. उलट टोक जाड असेल तर ते पूर्ण आत जातच नाही, कडेवर टेकून राहतं. हातात घेतल्यावर बसल्यासारखं वाटतं आणि झटक्यात निसटतं.

नवीन पट्ट्यासोबत येणाऱ्या पिना पट्ट्याच्या मापाच्या असतात. पट्टा आणि घड्याळ एकाच मापाचे असतील तर ठीक. मापात फरक असेल तर त्या पिना डब्यात टाका आणि घड्याळाच्या मापाच्या घ्या. मी काकाजींच्या घड्याळात नेमकं हेच केलं नाही.

मिक्स पाकिटं स्वस्त पडतात, मीही आणतो. पण दुकानात आल्यावर त्या पिना मापानं वेगळ्या करून छोट्या डब्यांत ठेवा. १७ आणि १८च्या पिना हातात धरल्या तर डोळ्याला सारख्याच दिसतात.

बसवायची रीत व्हिडिओत आहे, म्हणून लांबवत नाही. पायांना आतून कागदी चिकटपट्टी लावा म्हणजे टूलनं ओरखडे पडत नाहीत. काम कापड पसरलेल्या ट्रेमध्ये करा, पिन उडाली तर तिथेच सापडते. पट्टा बसल्यावर दोन्ही हातांनी घड्याळ आणि पट्टा धरून बाहेरच्या दिशेनं ओढा, आणि पट्टा डावीकडे-उजवीकडे पिळून बघा. जोर लावा, लाजू नका. सुटायचं असेल तर ट्रेवर सुटू द्या. ही दहा सेकंदांची तपासणी मी गिऱ्हाइकासमोर करतो. त्याला आवडते.

पट्टा लहान, जागा मोठी

समजा घड्याळ २०चं आहे आणि गिऱ्हाइकाला १८चाच पट्टा पसंत आहे. पिन २०ची टाकायची हे आता तुम्हाला माहीत आहे. मग पट्टा पडणार नाही. पण दोन अडचणी राहतात. दोन्ही बाजूंना पिन उघडी दिसते, आणि पट्टा पिनेवर इकडून तिकडे सरकतो. सरकला की घडीतलं भोक झिजतं.

दिसण्याबद्दल गंमत सांगतो. १९६४च्या 'गोल्डफिंगर' सिनेमात जेम्स बॉण्डच्या, म्हणजे शॉन कॉनरीच्या हातात रोलेक्स आहे आणि तिचा कापडी पट्टा पायांमधल्या जागेपेक्षा साफ अरुंद आहे. बाजूंना पिन उघडी दिसते. घड्याळाचे शौकीन इतकी वर्षं त्या पट्ट्याची चर्चा करतात, आणि आता त्या धर्तीचे पट्टे बॉण्डच्या नावानं विकले जातात. म्हणजे अरुंद पट्टा घातला म्हणून घड्याळ वाया जात नाही. पण आपला गिऱ्हाईक बॉण्ड नाही. त्याला घरी बायको म्हणणार, "हे काय लावून आणलं?" तेव्हा बसवायच्या आधी पट्टा नुसता ठेवून दाखवा.

सरकणं थांबवायला पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना एक-एक मिलिमीटरचा छोटा नळीचा तुकडा पिनेत ओवतात. पितळेची किंवा स्टीलची बारीक नळी मिळाली तर उत्तम, नाहीतर वायरवरचं प्लास्टिकचं आवरण कापून वापरता येतं, पिनेवर घट्ट बसेल असं निवडा. दोन्ही बाजूंना सारखं माप ठेवा, नाहीतर पट्टा तिरका दिसतो. फरक १ मिलिमीटरचा असेल तर चामड्याच्या पट्ट्याला काही लावायची गरज नाही. फरक २चा असेल तर तुकडे घाला. त्याहून जास्त फरक असेल तर मी बसवत नाही. जड घड्याळ अरुंद पट्ट्यावर हातावर फिरत राहतं, गिऱ्हाईक चार दिवसांत परत येतं.

अशा वेळी मी कापडी नायलॉनचा एकसंध पट्टा दाखवतो. हा एका लांब पट्टीचा असतो, वरच्या पिनेखालून जाऊन घड्याळाच्या पाठीमागून खालच्या पिनेखालून निघतो. ब्रिटिश संरक्षण खात्यानं १९७३ मध्ये आपल्या सैनिकांसाठी याचं मानक ठरवलं होतं, करड्या रंगाचा आणि २० मिलिमीटरचा. आज सगळे त्याला नाटो पट्टा म्हणतात. याचा फायदा असा की एक पिन सुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर हातातच राहतं. आणि थोडा अरुंद असला तरी विचित्र दिसत नाही. आपल्याकडे खाणीत, वर्कशॉपमध्ये, ट्रकवर काम करणाऱ्यांना हा चालतो. पण त्यांना एक गोष्ट सांगूनच विका: फिरत्या मशीनपाशी घड्याळ काढून ठेवायचं. साधा पट्टा अडकला तर पिन सुटून हात मोकळा होण्याची शक्यता असते, हा पट्टा तसा सहज सुटत नाही. विक्री गेली तरी चालेल, हे सांगायचंच.

पट्टा मोठा, जागा लहान

इथे खरी कारागिरी लागते. १९च्या जागेत २०चा मऊ चामडी किंवा सिलिकॉनचा पट्टा दाबून बसतो. कडा थोड्या चेपतात, दोन दिवसांत जागा धरतात. माझ्या काकाजींना शेवटी मी हेच करून दिलं, १९ची पिन आणि २०चा मऊ पट्टा. बसवताना पट्टा कडेनं अंगठ्यानं दाबत न्यावा लागतो, घाई केली तर पिन वाकते. जाड, कडक, आत भरलेला पट्टा असेल तर असं करू नका. त्याचा जोर सतत पायांवर राहतो आणि पिनेचं टोक हळूहळू भोकातून मागे ढकललं जातं.

२०च्या जागेत २२चा पट्टा दाबून बसत नाही. त्याला कडेला खाच पाडावी लागते, म्हणजे पायांच्या मध्ये येणारा भाग प्रत्येक बाजूनं १ मिलिमीटर कापायचा. काही घड्याळांचे पट्टे कारखान्यातूनच असे खाचेचे येतात, ते वाईट दिसत नाही. पण कापायच्या आधी पट्टा उलटा करून शिवण बघा. शिवण कडेपासून २-३ मिलिमीटर आत असेल तर १ मिलिमीटर कापायला जागा आहे. शिवण कडेलाच असेल तर थांबा. शिवण कापली की पट्टा वरून आणि खालून असा दोन फळ्यांत उघडतो, आणि तो पट्टा तुमचा झाला, पैसे मिळत नाहीत.

कापायला नवीन ब्लेड घ्या, कात्री नाही. कात्रीनं चामडं दबून कड वाकडी येते. आधी पिन आत ठेवूनच पेननं खूण करा, म्हणजे खाच किती लांब हवी ते कळतं. मग पिन काढा आणि कापा. आधी अर्धा मिलिमीटर कापा, लावून बघा, मग उरलेलं कापा. कापलेल्या कडेला चामड्याचा रंग किंवा पातळ फेव्हिकोल लावून वाळू द्या, नाहीतर घाम आत शिरून थर सुटतात. सिलिकॉनच्या पट्ट्यात पिनेच्या भोकाभोवतीची भिंत पातळ असते, तिथे मी हात लावत नाही. रेक्झिन कापलं की आतला कागदी पुठ्ठा दिसतो. तुम्हाला कळेल की पट्टा चामड्याचा म्हणून आणला होता तो काय होता. ही शिकवणीसुद्धा कामाची आहे.

पायांचा आतला भाग घासून जागा मोठी करायचा विचार कोणाच्या डोक्यात आला असेल तर तो काढून टाका. मी एकाला हे करताना पाहिलं आहे. पिवळ्या पॉलिशच्या घड्याळाचं पॉलिश गेलं, भोकाची कड पातळ झाली, आणि जागा तरीही वाकडीच राहिली.

ज्याला हात लावायचा नाही

सगळ्या घड्याळांना हे नियम लागत नाहीत. जी-शॉकच्या बऱ्याच मॉडेलमध्ये पट्ट्याचं टोक केसच्या आकारातच घडवलेलं असतं, तिथे साधा पट्टा बसत नाही. वेगळा जोड, म्हणजे अडॅप्टर, मागवावा लागतो, नाहीतर त्याच मॉडेलचा पट्टा. स्टीलच्या चेनमध्येही असंच. काही चेनची शेवटची कडी केसच्या गोलाईला धरून घडवलेली असते. बाजारातली सरळ टोकाची चेन लावली तर बसते, पण केस आणि चेनमध्ये अर्धचंद्रासारखी फट दिसते. चेन दाबूनही बसत नाही आणि कापताही येत नाही, माप जुळलं तरच विका. बायकांच्या काही जुन्या घड्याळांत पिन नसतेच, पायांमध्ये पक्का दांडाच असतो. तिथे टोक उघडणारा किंवा एकसंध पट्टाच लागतो. दांडा कापून पिन बसवायचा उद्योग करू नका.

स्मार्टवॉचमध्ये २० आणि २२ ही मापं खूप चालतात, आणि पट्ट्याच्या पिनेला छोटी कळ असते, नखानं सरकवली की निघते. सोपं आहे, म्हणून पोरं माप न घेता देतात. सॅमसंगच्या २०१८च्या गॅलक्सी वॉचचंच बघा, ४२ मिलिमीटरच्या मॉडेलला २०चा पट्टा आणि ४६च्या मॉडेलला २२चा. नाव एकच. ॲपलमध्ये तर आणखी गंमत आहे. तिथे पिन नाही, पट्टा खाचेत सरकतो, आणि पट्टे दोन गटांत आहेत. ३८, ४०, ४१ हा लहान गट. ४४, ४५, ४९ हा मोठा गट. आणि ४२? जुन्या ॲपल वॉचचा ४२ मोठ्या गटात, सिरीज १० चा ४२ लहान गटात. गिऱ्हाईक फोनवर "४२चा आहे" म्हणालं तर घड्याळ घेऊन या म्हणायचं, पार्सल पाठवायचं नाही.

पैसे आणि वही

व्यवसायाचं दोन शब्दांत सांगतो. पट्ट्याची किंमत वेगळी सांगा, बसवण्याची वेगळी. मी साध्या बसवणीचे ३० रुपये घेतो, खाच पाडायची असेल तर १००. "फुकट बसवून देतो" म्हटलं की गिऱ्हाइकाला वाटतं यात काही काम नाही, आणि तुम्हालाही तसंच वाटायला लागतं. मग माप कोण घेणार, ओढून कोण बघणार? कापलेला पट्टा परत घेत नाही, हे कापायच्या आधी सांगायचं. नंतर सांगितलं तर भांडण.

नवीन दुकान असेल तर पट्ट्यांत पैसे अडकवू नका. १८, २०, २२ मध्ये काळा आणि ब्राऊन, मऊ चामड्याचे, एवढ्यावर सुरुवात करा. १९च्या आणि २१च्या जागेत त्यातला एक माप मोठा मऊ पट्टा दाबून बसतो, हे वर पाहिलंच. पिना मात्र सगळ्या मापांच्या ठेवा, १६ पासून २४ पर्यंत, १७, १९, २१ धरून. सगळ्या मिळून पट्ट्यांच्या एका डझनाएवढेही पैसे लागत नाहीत.

आणि एक वही. माझ्या वहीत तारीख, घड्याळाचं नाव, दोन्ही बाजूंचं माप, पिनेची लांबी आणि जाडी, पट्ट्याचं माप, आणि काही वेगळं दिसलं तर ते, एवढंच असतं. केस बदललेली, उजवा पाय वाकलेला, भोक लांबट. कोणी महिन्यानं येऊन "तुम्ही लावलेला पट्टा सुटला" म्हणालं तर मी वाद घालत नाही, वही काढतो. बऱ्याचदा त्यानं मधे दुसरीकडे सेल टाकायला घड्याळ दिलेलं असतं आणि पिन बदललेली असते. कधी चूक माझीही निघते, मग मी दुरुस्त करून देतो.

काकाजींची नोंद अशी आहे: एचएमटी, केस बदललेली, वर १९, खाली १९, पिन १९ जाड, पट्टा २० मऊ. ते आता दर उन्हाळ्यानंतर पट्टा बदलायला येतात. आता मी माप घ्यायला लागलो की तेच म्हणतात, "वहीत बघ ना." मी वहीत बघतो आणि मग तरीही मोजतो.

पुढच्या व्हिडिओत स्टीलच्या चेनच्या कड्या कमी कशा करायच्या ते दाखवतो. त्याआधी कार्डाच्या पट्ट्या कापून तयार ठेवा. आणि घरातली सगळी घड्याळं एकदा मोजून बघा, एखादं तरी १९चं नक्की निघेल.